बॅटरी पंप एक दिवस दहा टाक्या मारतो, दुसऱ्या दिवशी एकाच टाकीत बसतो: दर मृगाला येणारी तक्रार

मृग निघाला की माझ्या दुकानापुढे फवारणीचे पंप ओळीने येऊन बसतात. बेळगावच्या शहापुरात दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. एरवी मिक्सर, इस्त्री, टेबल फॅन असलं काम, पण जून उजाडला की निम्मं दुकान पंपांचंच. येळ्ळूर, बेळगुंदी, उचगाव, कडोली, खानापूरकडचे लोक येतात, शिनोळी-तुडयेकडून, म्हणजे महाराष्ट्रातून, हद्द ओलांडूनही येतात. तक्रार एकच: गेल्या साली बरा चालत होता, आता दहा मिनिटांत बसतो, बॅटरी बदलून द्या.

येळ्ळूरचे एक काका सलग तीन वर्षं याच तक्रारीने आले. पहिल्या वर्षी मी डोळे झाकून पॅक, म्हणजे बॅटरीच्या सेलची जुडी, बदलून दिला. दुसऱ्या वर्षी पुन्हा बदलला आणि मनातल्या मनात पॅक बनवणाऱ्याला शिव्या घातल्या. तिसऱ्या वर्षी पंप काउंटरवर ठेवत ते म्हणाले, "काय ओ, परत तेच की. एक दिवस धा टाक्या मारतंय, खरं दुसऱ्या दिवशी एका टाकीतच बसतंय." (लांबच्या वाचकांसाठी: आमच्याकडे 'खरं' म्हणजे 'पण'.)

उत्तर त्या वाक्यातच होतं. ते दोन वर्षं हेच सांगत होते, मी फक्त 'बसतंय' एवढंच ऐकत होतो. सेल मेला असेल तर तो रोजच मेलेला असतो, एक दिवसाआड मरत नाही. पंप आज दहा टाक्या मारतो आणि उद्या एक, म्हणजे पॅकमध्ये दम आहे, पण तो रोज सारखा भरला जात नाही. मी चार्जर आणायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी पिशवीतून दोन चार्जर निघाले. घरात पंप दोन, एक जुना आणि एक नवा, म्हणून चार्जरही दोन. दोन्ही काळे, एकाच आकाराचे, दोन्हींची गोल पिन अगदी सारखी. फरक फक्त पाठीवरच्या बारीक अक्षरांत: एकावर १२.६ व्होल्ट, दुसऱ्यावर १४.६. स्वयंपाकघराच्या दारामागे एकच प्लग आहे आणि तिथे हाताला येईल तो चार्जर लागतो.

आधी चार्जरवरचा आकडा वाचा

'बारा व्होल्टचा लिथियम पॅक' या नावाखाली बाजारात दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एकात तीन सेल असतात, प्रत्येक साधारण ३.७ व्होल्टचा, मोबाइलच्या जातीचा. असा सेल ४.२ व्होल्टला भरतो, म्हणून पॅक १२.६ ला. दुसऱ्यात चार सेल असतात, प्रत्येकी ३.२ व्होल्टचे, लोह-फॉस्फेट जातीचे, ज्यांना दुकानदार एलएफपी म्हणतात. तो सेल ३.६५ ला भरतो, म्हणून पॅक १४.६ ला. पॅकच्या कागदावर ११.१ व्होल्ट लिहिलं असेल तर पहिली जात, १२.८ असेल तर दुसरी. नुसतं 'बारा व्होल्ट' लिहिलं असेल तर मात्र पॅक उघडून सेल मोजावे लागतात.

आता १२.६ चा चार्जर चार सेलच्या पॅकला लावला की काय होतं ते बघा. प्रत्येक सेलच्या वाट्याला ३.१५ व्होल्ट येतात. लोह-फॉस्फेटचा सेल ३.१५ ला जवळजवळ रिकामा असतो, दहा टक्क्यांच्या आसपास. चार्जरला वाटतं आपलं काम झालं, तो लगेच हिरवा दिवा लावतो. घरातली माणसं हिरवा दिवा बघून पंप खांद्याला लावतात आणि बांधावर पोचेपर्यंत एक टाकी होते न होते तोच मोटर बसते. काकांचा नवा पंप ६ अँपिअर-तासाचा, मोटर चालताना २ अँपिअरच्या आसपास घेते. म्हणजे भरलेला पॅक तीन तास चालायला हवा. दहा टक्क्यांत किती चालेल हा हिशेब चौथीतलं पोरही करेल.

उलटी चूक याहून वाईट. तीन सेलच्या पॅकला १४.६ चा चार्जर लावला तर प्रत्येक सेलवर ४.८७ व्होल्टचा दाब येतो. मध्ये उभं असतं ते फक्त बीएमएसचं, म्हणजे सेलची राखण करणारं, छोटं बोर्ड. सेल ४.२५ च्या पुढे गेला की ते चार्जिंग तोडतं, व्होल्ट थोडे उतरले की पुन्हा जोडतं, रात्रभर हाच खेळ. बोर्ड बरं असेल तोवर सेल फक्त लवकर म्हातारे होतात. बोर्ड एकदा चिकटलं की मात्र आगीशीच गाठ. काकांचा जुना पंप याच वाटेवर होता. त्याचे सेल मी बाहेर काढले तेव्हा एकाच्या डोक्यावरचा कागद तपकिरी पडला होता.

तेव्हा पॅकला दोष देण्याआधी हे करा. चार्जरची पिन मल्टीमीटरला, म्हणजे व्होल्ट मोजायच्या मीटरला लावा, वीस व्होल्ट डीसीवर. साधा चार्जर असेल तर १२.६ किंवा १४.६ च्या आसपास आकडा येईल. काही चार्जर बॅटरी दिसल्याशिवाय व्होल्ट सोडतच नाहीत, तिथे पाठीवरचं वाचूनच भागवायचं. मग चार्जर आणि पंप दोन्हीवर एकच खूण करा. काकांनी कर्नाटकी बेंदराला बैलांच्या शिंगांना लावून उरलेला रंग वापरला: तांबडा चार्जर तांबड्या पंपाला, निळा निळ्याला. त्यांच्या घरात वाचणारे कमी आहेत असं नाही, पण पहाटे पाचला बारीक अक्षरं कोण वाचतो?

जुन्या, जड ॲसिडच्या बॅटरीचा पंप असेल तर ही सगळी चर्चा त्याला लागू नाही. ओळखायला सोपं आहे. ॲसिडची बॅटरी दोन-सव्वादोन किलोची, लिथियमचा पॅक पाऊण किलोच्या आसपास. ॲसिड काढून लिथियम बसवून घेतला असेल तर चार्जरही बदलून घ्या. "जुनाच चालतोय की" म्हणणारे आठ-दहा महिन्यांनी परत येतात.

सेलच्या आत काय चालतं

चार्जरचा घोळ मिटला तरी काही पंप बसतातच. त्यांचं कारण समजून घ्यायचं तर सेलच्या आत डोकवावं लागतं.

सेलच्या पत्र्याच्या डबीत दोन लांब पट्ट्या गुंडाळून ठेवलेल्या असतात. एक तांब्याच्या पातळ पत्र्यावर ग्रॅफाइट फासलेली, दुसरी ॲल्युमिनिअमच्या पत्र्यावर धातूचं संयुग फासलेली. मध्ये सच्छिद्र प्लास्टिकचा पडदा, आणि सगळं एका द्रवात भिजलेलं. त्या द्रवात लिथियमचं मीठ असतं, पाणी नसतं, आणि ते पेट घेणारं असतं. ग्रॅफाइटची रचना वहीसारखी, पानावर पान. सेल भरतो तेव्हा लिथियमचे आयन दुसऱ्या पट्टीतून निघून या पानांमध्ये येऊन बसतात. सेल वापरतो तेव्हा ते पानं सोडून परत आपल्या जागी जातात. आयन पडद्यातून, आतल्या बोळानेच जातात. इलेक्ट्रॉनला तो बोळ बंद. त्याला बाहेरच्या रस्त्याने, तारेतूनच यावं लागतं, आणि त्या रस्त्यावर आपण पंपाची मोटर बसवलेली असते. एवढाच सगळा व्यवहार.

ही येजा फार इमानदारीची असते म्हणून सेल शेकडो वेळा भरता येतो, लोह-फॉस्फेटचा तर दोन हजारच्या घरात. पण थोडी गळती असतेच. पहिल्याच चार्जमध्ये ग्रॅफाइटवर एक पातळ थर धरतो, दुधावर साय धरते तसा. साय धरणं चांगलं, कारण त्यामुळे आतलं ग्रॅफाइट त्या द्रवापासून वाचतं. पण ती साय बनते लिथियम खर्चूनच. उन्हात, पत्र्याच्या शेडमध्ये ती जाड होत जाते. जितकी साय जाड तितकं येजा करायला उरलेलं लिथियम कमी आणि वाट अरुंद. सेल म्हातारा होतो म्हणजे बहुतेक वेळा हेच होतं.

हे सगळं जमवायला जगाला वेळ लागला. १९८० मध्ये ऑक्सफर्डला जॉन गुडइनफ यांनी कोबाल्टचं संयुग शोधलं, जपानमध्ये अकिरा योशिनो यांनी १९८५ मध्ये सुरक्षित सेलचं रूप दिलं, आणि १९९१ ला सोनीने तो बाजारात आणला. गुडइनफ, योशिनो आणि स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्या पंपातलं लोह-फॉस्फेट सोनीच्या सेलनंतरचं, १९९७ मधलं, गुडइनफ यांच्या टेक्सासमधल्या प्रयोगशाळेतलं. त्या निबंधावर दोन सहकाऱ्यांची नावं आहेत, पाढी आणि नंजुंडस्वामी. आमच्या भागात नंजुंडस्वामी म्हटलं की हिरव्या टॉवेलवाला रयत संघ, कर्नाटकातली शेतकऱ्यांची संघटना, आणि तिचे पुढारी आठवतात. हे ते नव्हेत, पण शेतकऱ्याच्या पाठीवर शेवटी दोघेही आले.

रोजच बसतो, थोडं थांबलं की परत चालतो

चार्जर बरोबर आहे, पूर्ण भरला आहे, तरी रोज दहा-वीस मिनिटांत बसतो. बटण बंद करून पाच मिनिटं बांधावर बसलं की पुन्हा चालतो, मग दोन मिनिटांत परत बसतो. ही खूण एका दुबळ्या सेलची.

पॅकमधले चार सेल ओळीत जोडलेले असतात, चौघांतून तोच एक प्रवाह जातो. चौघांनी खांद्यावर पालखी घेतली आणि एकाचे पाय लटपटले तर उरलेले तिघे कितीही धट्टेकट्टे असोत, पालखी खाली ठेवावीच लागते. ठेवण्याचा हुकूम बीएमएस देतं. मोटर ओढायला लागली की दुबळ्या सेलचे व्होल्ट धाडकन पडतात, अडीचच्या आसपास गेले की बोर्ड सगळा पॅक तोडतं. ओढ थांबली की त्या सेलचे व्होल्ट हळूहळू वर येतात, बोर्ड पुन्हा जोडतं. लोकांना वाटतं मोटर तापली. मोटर बिचारी ठीक असते.

हे घरी तपासता येतं. पॅकमधून एक पांढरा छोटा कनेक्टर निघतो, चार सेलच्या पॅकला त्यात पाच तारा असतात. शेजारच्या दोन-दोन तारांमध्ये मीटर धरला की एकेका सेलचे व्होल्ट मिळतात. नुसते मोजू नका, इथेच बरेच जण फसतात. काकांच्या दुसऱ्या वर्षीचा काढून टाकलेला पॅक माझ्या खोक्यात पडून होता, तो मी पूर्ण भरून तासभर तसाच ठेवला. आकडे आले ३.३३, ३.३४, ३.३१, ३.३३. कोण म्हणेल यात खोट आहे? मग मोटरसायकलच्या हेडलाइटचा १२ व्होल्ट ३५ वॅटचा बल्ब पॅकला लावला. हा बल्ब तीन अँपिअरच्या जवळपास ओढतो, म्हणजे मोटरपेक्षा थोडं जास्तच. दहा मिनिटांनी, बल्ब पेटलेला असतानाच, पुन्हा मोजलं: ३.२४, ३.२५, २.७१, ३.२४. तिसरा सेल उघडा पडला. आणखी तीन-चार मिनिटांत बल्ब विझला आणि लगेच त्या सेलवर आकडा चढायला लागला, २.८, २.९, ३.०. डोळ्यांनी बघण्यासारखी गोष्ट आहे.

लोह-फॉस्फेटच्या बाबतीत आणखी एक लक्षात ठेवायचं. पाव भरलेला असो की पाऊण, त्याचे व्होल्ट ३.२ ते ३.३ च्या दरम्यानच घुटमळतात. त्यामुळे पंपावरचा आकड्यांचा दिवा बघून 'अजून निम्मी आहे' असं म्हणणं म्हणजे ढगाकडे बघून पाऊस मोजणं. तो दिवा रिकामं झाल्यावरच खरं बोलतो.

सगळ्या सेलमध्ये थोडाथोडा फरक असेल, एकच फार मागे नसेल, तर पॅक मेलेला नाही, फक्त बिघडलेल्या जोडीसारखा झाला आहे. बोर्डात समतोल करण्याची सोय असते, पुढे गेलेल्या सेलमधून थोडा थोडा प्रवाह जिरवत बाकीच्यांना गाठू देण्याची. पण ती सोय जागी होते पॅक जवळजवळ पूर्ण भरल्यावरच, आणि जिरवण्याचा वेग फार बारीक, बहुधा ५० मिलिअँपिअरच्या आसपास. सहा अँपिअर-तासाच्या सेलमध्ये दहा टक्के फरक असेल तर तो भरून काढायला बारा तास लागतात. म्हणून हिरवा दिवा लागला की लगेच चार्जर ओढू नका. हंगामाच्या सुरुवातीला एकदा सकाळी चार्जर लावा, संध्याकाळी काढा, दिवसभर नजर राहील अशा जागी. आणि काकांच्या घरचं कोडं इथे पुरं होतं: बहुतेक वेळा १२.६ चा चार्जर लागल्यामुळे त्यांचा पॅक क्वचितच पूर्ण भरत होता. भरत नव्हता म्हणून समतोल होत नव्हता, म्हणून एक सेल दर महिन्याला थोडा अधिक मागे पडत होता.

माळ्यावरचे सात महिने

मला एक गोष्ट बरीच वर्षं चक्रावून टाकायची. कडोलीकडचे भाजीवाले बारा महिने फवारतात, आज कोबी, उद्या बटाटा, परवा आणखी काही. त्यांचे पंप बघवत नाहीत, पट्टे तुटलेले, टाकीला एमसील. पण पॅक तीन-चार वर्षं सहज जातात. उलट येळ्ळूर-खानापूरकडचे भातवाले पंप जपून वापरतात, हंगामात दहा-पंधरा वेळा, पुसून माळ्यावर ठेवतात, आणि त्यांचेच पॅक वर्षाला मरतात. वापराने सेल झिजतो हे खरं, पण आमच्या भागात पॅक मारतं ते काम नव्हे, माळा मारतो.

भाताची शेवटची फवारणी झाली की पंप जसा बसला तसाच वर जातो. म्हणजे जवळजवळ रिकामा. सेल स्वतःहून थोडा उतरतोच, महिन्याला एक-दोन टक्के. बीएमएस जागं राहायला चिमूटभर घेतं. त्यात काही पंपांमध्ये व्होल्टचा दिवा बटणाच्या आधी, थेट बॅटरीला जोडलेला असतो. एका पंपात मी मोजलं, तो दिवा १५ मिलिअँपिअर खात होता. सहा अँपिअर-तासाचा भरलेला पॅकसुद्धा तो ४०० तासांत, म्हणजे सतरा दिवसांत संपवेल. रिकाम्या पॅकला तर दोन दिवसही फार. आणि मृग यायला सात महिने.

सेल दोन व्होल्टच्या खाली उतरून तसाच पडून राहिला की आत वेगळंच सुरू होतं. ज्या तांब्याच्या पत्र्यावर ग्रॅफाइट फासलंय तो पत्राच विरघळायला लागतो. पुढे जूनमध्ये आपण चार्जर लावतो तेव्हा ते विरघळलेलं तांबं नको त्या जागी परत जमतं, बारीक काट्यांसारखं, आणि पडद्याला टोचत आतल्या आत शॉर्ट करतं. कधी तो सेल नुसता भरत नाही, कधी तापतो. म्हणून असे 'झोपलेले' सेल दुसऱ्या बॅटरीच्या तारा लावून झटका देत जागे करायचे व्हिडिओ बघून घरी प्रयोग करू नका. जागा होतो तो, पण भरवशाचा राहत नाही.

मीटरवर पॅकच्या मुख्य तारांना शून्य दिसलं म्हणजे सगळे सेल मेले असंही नाही. बोर्डाने तोडलं की बाहेर शून्यच दिसतं. आधी योग्य चार्जर लावा, पुष्कळदा बोर्ड तेवढ्याने उठतं. नाही उठलं तर पांढऱ्या कनेक्टरवर एकेक सेल मोजा. अडीचच्या वर सगळे असतील तर बोर्ड तपासायचं. दोन ते अडीचच्या मध्ये असेल तर मी तो सेल एकट्याला अगदी हळू भरतो, क्षमतेच्या विसाव्या भागाने, म्हणजे ६ अँपिअर-तासाला ०.३ अँपिअर, तीनच्या वर येईपर्यंत, आणि हात लावून बघत राहतो. कोमट जरी लागला तरी तिथेच थांबतो. भरल्यावर आठवडाभर बाजूला ठेवायचा. आठवड्यात तो इतरांपेक्षा जास्त उतरला तर आत काटा आहे समजायचं. दोनच्या खाली महिनोन् महिने राहिलेला सेल मी भरतच नाही, गिऱ्हाईक कितीही म्हणालं तरी.

ठेवायचं कसं हे विचाराल तर: निम्मा किंवा त्याहून थोडा जास्त भरून. कडोलीवाल्यांसारखं वापरणं प्रत्येकाला जमणार नाही, पण पंप दिवाळीला ठेवलात तर संक्रांतीला आणि गुढीपाडव्याला एकदा खाली काढून अर्धा तास योग्य चार्जरवर लावणं जमतं. शक्य असेल तर पॅकची पिन पंपातून सोडवूनच ठेवा, मग दिव्याची चोरी आपोआप थांबते. पत्र्याच्या खाली नको. आमच्या थंडीचं सेलला काही वाटत नाही, एप्रिल-मेचा पत्रा मात्र खातो. ॲसिडच्या बॅटरीच्या काळात म्हातारी माणसं 'भरून ठेव रे' म्हणायची, ते ॲसिडसाठी बरोबरच होतं, ती रिकामी ठेवली की खराब होते. लिथियमला गच्च भरून महिनोन् महिने ठेवलेलंही फारसं मानवत नाही, पण रिकामं ठेवण्यापेक्षा ते पुष्कळ बरं.

गंज

हलवला की चालतो, आपटला की बंद होतो, असा पंप असेल तर सेल बघायच्या आधी तळाचा डबा उघडा. टाकी वर आणि बॅटरी खाली ही रचना ज्याने केली त्याला एकदा खानापूरच्या पावसात उभं करायला हवं. झाकणाची रबरी कडी झिजली की औषधाचं पाणी थेट पॅकवर उतरतं. मोरचूद फवारणाऱ्यांच्या पंपात तर निळसर-हिरवा थर बोटाने खरवडून निघतो. सेलना जोडणाऱ्या पट्ट्या निकेलच्या असायला हव्यात. स्वस्त पॅकमध्ये त्या लोखंडाच्या असतात, वर नुसता निकेलचा मुलामा. ब्लेडने एक रेघ मारून त्यावर मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवा, दुसऱ्या दिवशी तांबूस झाली तर लोखंड. अशी पट्टी गंजली की तिथे अडथळा वाढतो, मोटर ओढताना तिथेच व्होल्ट मरतात, आणि खोट सेलची आहे असं वाटतं. कडी बदला, पट्ट्या बदलून घ्या. सेलला थेट कावियाने डाग देऊ नका, पट्टी स्पॉट वेल्डिंगनेच बसवतात.

पॅक उघडताना अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. माझ्या दहा नंबरच्या पान्याला एक खड्डा आहे, दोन पट्ट्यांवर आडवा पडला तेव्हाचा. पापणी लवायच्या आत पोलाद वितळलं. तिथे बोट असतं तर, असा विचार मी अजून करतो.

नवे सेल घेताना

एकच सेल खराब निघाला तर एकच बदलावा का? पॅक पहिल्या वर्षातला असेल तर मी बदलतो, तेवढ्याच क्षमतेचा सेल शोधून, चौघांना आधी एकाच पातळीला भरून. तीन वर्षं जुन्या तिघांत नवा कोरा सेल घातला तर पुढच्या मृगाला त्या तिघांतला कोणीतरी बसतो आणि शिव्या मला. तिथे चारही बदलतो. उरलेले बरे तिघे गोठ्यातल्या दिव्याला एकेकटे छान चालतात.

लोह-फॉस्फेटचा मोठा सेल, ३२ मिलिमीटर जाड आणि ७० लांब, सहा अँपिअर-तासाचा असेल तर वजनाला १४० ग्रॅमच्या आसपास भरतो. सोनाराकडच्या नको, किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवला तरी कळतं. नव्वद भरला तर आत काय आहे देवाला ठाऊक. बारका, १८ बाय ६५ चा सेल घेताना त्यावर ९९०० मिलिअँपिअर-तास लिहिलेलं दिसलं की सरळ उठून यावं. त्या आकारात ३५०० च्या आसपास मिळालं तरी उत्तम.

फुगलेला, चेपलेला, गोडसर वास येणारा सेल घरात ठेवू नका आणि उसाच्या पाल्यासोबत पेटवू तर मुळीच नका. अंगणात, लाकडा-पिंजरापासून लांब, मडक्यात वाळू घालून ठेवा. पेटलाच तर भरपूर पाणी मारलेलं चालतं, पण धूर अंगावर घेऊ नका, त्यात हायड्रोजन फ्लोराइड असतं आणि फुप्फुसाला ते सोडत नाही. २०२२ च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी बनवणाऱ्यांवर आहे, त्यामुळे नवा पॅक घेताना जुना दुकानातच द्या, भंगारवाल्याच्या गाडीत नको. तो हातोड्याने फोडतो.

दुकानात येताना पॅकबरोबर चार्जरही पिशवीत टाका. घरात दोन असतील तर दोन्ही. नुसता पॅक आणलात तर आता मी परत पाठवतो. येळ्ळूरच्या काकांनाही त्यानंतर एकदा परत पाठवलं होतं, तांबडा चार्जर विसरून आले म्हणून.